तोंडपाठ तेवढं राहिलं

ज्यांच्या घरात कुणाच्या डोक्याला मार बसला आहे आणि माणूस समोर बसलेला असूनही घरात नसल्यासारखा झाला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मला वैद्यक कळत नाही. मी अकोल्याच्या जठारपेठेतला भिक्षुक. वडिलांचं तेच, आजोबांचंही तेच. लग्नं लावायची, वास्तुशांती करायच्या, मिळेल त्यात भागवायचं. एकोणीसशे साठ साल उलटून गेल्यावर माझं बोलणं गेलं आणि परत यायला बरेच महिने लागले. अजूनही शब्द अडतो. हे लिहितानाही अडतो आहे आणि माझी बायको इंदू शेजारी बसून काय राहिलं ते सांगते आहे.

वाचताना रडू येईल अशी अपेक्षा ठेवू नका. त्या दिवसांत मला स्वतःलाच रडू आलं नाही. भीतीही वाटली नाही. लोक म्हणाले, किती धीराचा माणूस. धीर वगैरे काही नव्हतं, आतून सगळं बधिर होतं. धीर आणि बधिरपणा बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

लागलं काय महाराज?

अकोटला एक लग्न लावून एसटीने परत येत होतो. कापसाचे दिवस, रस्त्यावर गाड्याच गाड्या. एक बैलगाडी अचानक आडवी आली, ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला आणि माझं डोकं डाव्या बाजूने खिडकीच्या लोखंडी चौकटीवर आपटलं. रक्त आलं नाही, टेंगूळ आलं. शेजारच्या माणसाने तंबाखू मळता मळता विचारलं, "लागलं काय महाराज?"

मी नाही म्हणालो. टेंगूळ चार दिवसांत बसलं आणि मी विसरून गेलो.

काही आठवड्यांनी डोकं दुखायला लागलं. वडिलांनी, म्हणजे दादांनी, उष्णता ठरवली आणि कपाळावर चंदनाचा लेप सुरू झाला. मग झोप फार यायला लागली. मग बोलताना शब्द सापडेना. 'ते हे' आणि 'हे ते' यावर माझा संसार चालू झाला. घरात कुणाला ते फारसं खटकलं नाही, कारण मी मुळातच कमी बोलणारा. आमच्या घरात बोलायचे ते दादा.

संकल्प

दादांबद्दल आधी सांगायला हवं. माझी मुंज झाली त्या दिवसापासून त्यांनी मला पहाटे समोर बसवून संथा दिली. गुरूने एक तुकडा म्हणायचा, शिष्याने तो जसाच्या तसा दोनदा म्हणायचा, मग पुढचा तुकडा. स्वर वर गेला की हात वर, खाली आला की हात खाली. अर्थ विचारायचा नाही. चुकलं की गुडघ्यावर पळी बसायची. अशी कितीतरी वर्षं गेली. मला झोपेतून उठवून कुठलंही सूक्त म्हणायला सांगितलं तरी मी न चुकता म्हणत असे. साऱ्या जठारपेठेत दादा हे अभिमानाने सांगायचे.

आजार वाढत होता त्या दिवसांत आमच्याच पेठेत एक वास्तुशांत होती. मी मुख्य, दादा मागे बसलेले. संकल्पाला सुरुवात केली. संकल्पात बाकी सगळं ठरलेलं असतं, फक्त त्या दिवसाची तिथी, यजमानाचं गोत्र आणि नाव तेवढं घालावं लागतं. मी तिथपर्यंत धाडधाड आलो आणि थांबलो. समोर यजमान हातात पाणी धरून बसलेला. त्याला मी लहानपणापासून ओळखतो. नाव येईना, तिथी येईना. दादांनी मागून दोन्ही पुरवलं आणि मी पुढचं गडगड म्हणून गेलो.

थोड्या वेळाने यजमानाने विचारलं, "गुरुजी, नारळ कुठं ठेवू?"

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. प्रश्न कळला होता, उत्तरही माहीत होतं. तोंड उघडलं तर पुढचा मंत्र बाहेर आला. यजमानाने हात जोडले. दादा म्हणाले, "पाटावर ठेव, उजवीकडे." त्या दिवशी सगळे म्हणाले की गुरुजींची काय तंद्री लागली होती!

त्याच संध्याकाळी आरतीच्या वेळी जळता कापूर माझ्या उजव्या हातावर पडला. वास आला म्हणून मी खाली पाहिलं, तर माझंच बोट भाजत होतं.

इंदू

फोड इंदूला दिसला. ती स्वयंपाकघरात हळद लावत होती. म्हणाली, "अवो, हात भाजला तं समजलं नाही तुमाले?"

मी उत्तर द्यायला गेलो आणि सूक्त सुरू झालं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी पूर्ण म्हणेपर्यंत थांबली. मग हातातली हळदीची वाटी खाली ठेवून सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली. आमच्या घरात तोवर सून दाराआडून बोलायची.

"मामंजी, यांचं काही तरी बिघडलं हाय. हे बोलत नाहीत."

"बोलत नाही? आत्ता म्हणत होता ते मी ऐकलं. एक अक्षर चुकला नाही."

"ते हे म्हणत नाहीत. ते यांच्या तोंडातून निघून राहिलं."

दादा संतापले. पण दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरकडे घेऊन गेले. गल्लीतलेच डॉक्टर, भले माणूस. त्यांनी विचारलं, बोलायला त्रास होतो का? दादा मला म्हणाले, "म्हणून दाखव रे." मी म्हणून दाखवलं. डॉक्टरांनी बूट काढून ठेवले आणि संपेपर्यंत हात जोडून उभे राहिले. मग म्हणाले की इतकं पाठ असणाऱ्या माणसाच्या मेंदूला काय होणार, अशक्तपणा असेल. टॉनिक लिहून दिलं.

त्यांना दोष देत नाही. आमच्यासारख्या घरात हीच चूक व्हायची होती. दुसऱ्या कुणाचं बोलणं गेलं असतं तर तो मुका झाला असता आणि घरच्यांनी त्याच दिवशी टांगा बोलावला असता. मी मुका झालोच नाही. मी आधीपेक्षा जास्त बोलत होतो आणि त्यात माझं काहीही नव्हतं.

टॉनिक अर्धं संपलं तेव्हा माझा उजवा पाय ओढायला लागला. इंदूने अमरावतीला भावाला निरोप धाडला. वसंता राजापेठेत राहायचा, शाळामास्तर होता. तो आला आणि इंदू दादांना म्हणाली, "मी यांले अमरावतीले नेऊन राहिली. तुमाले यायचं असंल तं या."

दादा आले.

वॉर्डातले दिवस

अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात मला खाट मिळाली. इंदू खाली सतरंजीवर. सकाळी झाडू, मग फिनाईलचा वास, मग डॉक्टरांची फेरी, मग वसंताच्या घरून डबा. रोज तेच. मला त्यात काही वाईट वाटत नव्हतं, बरंही वाटत नव्हतं. छताकडे पाहत पडून राहायचो.

एक प्रसंग लिहू की नको असं झालं होतं. इंदू म्हणाली लिहा. एका दुपारी ती नळावर गेली असताना मला लघवीला लागली. भांडं खाटेखाली होतं. उजवा हात आणि पाय माझं ऐकत नव्हते. शेजारच्या खाटेवर अकोटकडचा एक माळी होता, वांगी-मिरचीचा मळा असलेला, त्याची बायको पायथ्याशी बसलेली. मी तिला भांडं मागायला तोंड उघडलं आणि सूक्त बाहेर पडलं. तिने डोक्यावरून पदर घेतला. नवऱ्याला म्हणाली, "उठा, हात जोडा, महाराज मंत्र म्हणून राहिले." पलीकडच्या खाटेवरच्यानेही हात जोडले. मी जितकी घाई करत होतो तितकं ते स्पष्ट आणि खणखणीत येत होतं. वॉर्डभर लोक शांत झाले. शेवटी गादी ओली झाली, तरी मी म्हणतच होतो.

इंदू आली, तिने एका नजरेत ओळखलं. चादर बदलताना ती रडत होती. मला लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही, आणि वाटली नाही याचंही काही वाटलं नाही. माळ्याच्या बायकोने मात्र त्या दिवसापासून एक केलं. इंदू कुठे गेली की ती माझं तोंड न बघता डोळे बघायची, आणि भांडं पुढे करायची. तिचे उपकार मी विसरलो नाही.

डोक्याचा फोटो

तिथे एक डॉक्टर होते, मोठ्या शहरात शिकून आलेले. ते मेंदूला मार लागलेल्या रोग्यांच्या डोक्याचे एक्स-रे फोटो जमवत. मार कुठे बसला, माणसाचं काय गेलं आणि काय शिल्लक राहिलं, हे त्यांना एकमेकांशी ताडून पाहायचं होतं. त्यांनी मला म्हणायला सांगितलं, संपूर्ण ऐकलं, हात जोडले नाहीत. मग खिशातलं पेन दाखवून विचारलं, "हे काय?" मी सूक्ताचा पहिला तुकडा म्हणालो. त्यांनी कप दाखवला. मी दुसरा तुकडा म्हणालो.

साध्या फोटोत फक्त कवटी दिसते, म्हणून मानेतल्या शिरेत औषध सोडून दुसरा फोटो काढायचा होता. मला टेबलावर निजवलं, मान मागे टाकली, सुई खुपसली. औषध गेलं तसा अर्धा चेहरा आतून भाजून निघाला. डोळ्यामागे जाळ झाला आणि विझला. "हलू नका," कुणीतरी ओरडलं. मी हललो नव्हतो.

फोटो ओला असतानाच डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि दादांना बोलावलं. बाभळीच्या फांद्यांसारख्या पांढऱ्या रेघा होत्या, त्या मेंदूतल्या शिरा. डाव्या बाजूला त्या फांद्या कवटीपासून आत ढकलल्या गेल्या होत्या आणि मध्ये काळी मोकळी पट्टी होती.

"इथे रक्त साकळलंय," डॉक्टर म्हणाले. "मेंदूला दाबतंय. भोक पाडून काढावं लागेल, लगेच. खालीही थोडी इजा झालेली दिसते."

दादांनी विचारलं, "मग याचे मंत्र कसे राहिले?"

"लहान वयात मेंदूत वाटा पडत असतात. काळ्या मातीत गाडीची चाकं रोज जाऊन चाकोरी पडते ना, तसं. तुम्ही ती वाट इतकी पक्की केलीत की मार लागूनही मोडली नाही. माझ्याकडे एका लहान मुलीचा फोटो आहे, तिला याच जागी लागलं होतं. ती आज बोलते. त्या वयात एक वाट बुजली तर दुसरी पडते. यांच्या वयात पडेलच असं सांगता येत नाही."

"म्हणजे मी शिकवलं ते राहिलं."

"राहिलं. पण ते बोलणं नव्हे. त्यांच्याजवळ आज स्वतःचा असा एकही शब्द नाही. आणि महाराज, त्या मंत्रांमुळेच तुम्हाला इतके दिवस कळलं नाही."

दादा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचं आयुष्य ज्यात गेलं ते डॉक्टरांनी एका वाक्यात बाजूला ठेवलं होतं. मला सगळं ऐकू येत होतं. बापाबद्दल काही वाटायला हवं, एवढं फक्त कळत होतं.

न्हावी आला. एका बाजूचे केस काढून त्याने शेंडीवर वस्तरा थांबवला आणि दादांकडे पाहिलं. "काढू काय महाराज?" शेंडीशिवायचा भिक्षुक म्हणजे घरी बसलेला भिक्षुक. दादा म्हणाले, "डोकं राहिलं तं शेंडी येईल. काढ."

राजापेठेतली ओसरी

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. इंदू म्हणते, दादा बाहेर बाकावर बसून होते आणि जप करत नव्हते. गुठळी निघाली. पाय सुधारला, हात बराच सुधारला, झोप उडाली. बोलणं आलं नाही. खालची इजा ती हीच, डॉक्टर म्हणाले. टाके निघाल्यावर त्यांनी घरी सोडलं. पण दर आठवड्याला दाखवायला यायचं होतं, म्हणून आम्ही वसंताच्याच घरी राहिलो. "यांना बोलतं ठेवा," त्यांनी सांगितलं. "पुढच्या काही महिन्यांत जे येईल ते येईल. नाही आलं तर मग यायची आशा कमीच."

दादांना दुसरी कुठली शिकवण्याची रीत माहीत नव्हती. त्यांनी मला राजापेठेतल्या त्या ओसरीवर समोर बसवलं आणि संथा सुरू केली. सोवळ्यातला माणूस, पण सुनेला आत जाऊन विचारून आला की रांधायच्या वस्तू काय काय असतात. "तवा," दादा म्हणाले. मी दोनदा म्हणालो. "पोळपाट." दोनदा. "लाटणं. चिमटा. फुंकणी." हात वर, हात खाली. त्यांनी प्रत्येक शब्दाला स्वर लावला होता, कारण बिनस्वराचं शिकवता येतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

शेजारीण फाटकाशी येऊन उभी राहिली. "कोणतं स्तोत्र होय वं इंदूबाई?"

"सैपाकघराचं," इंदू म्हणाली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं.

काही आठवड्यांत मला पन्नासेक शब्द येऊ लागले. दादा खुशीत मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी चिमटा मागवला आणि माझ्यासमोर धरला. मी सुरुवात केली, तवा, पोळपाट, लाटणं, आणि चिमट्यापाशी येऊन पोचलो. मग थांबता येईना, फुंकणीवरून पुढे गेलो. फुंकणी एकटी दाखवली तरी तव्यापासूनच यावं लागे.

डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला. "हेही तोंडपाठ झालं," ते हळू आवाजात म्हणाले.

घरी आल्यावर दादा इरेला पेटले. पहाटे बसायचं ते दिवस वर येईस्तोवर, पुन्हा दुपारी, पुन्हा दिवेलागणीला. भाज्या झाल्या, जनावरं झाली, नातेवाईक झाले. सुनेचं नाव त्यांनी आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. तेही माझ्याकडून म्हणवून घ्यायला घेतलं. मी 'इंदू' म्हणत होतो, दोनदा, स्वरात, आणि ती दारात उभी राहून ऐकत होती. तिला काय झालं असेल ते मला आज समजतं. तेव्हा मी पुढच्या शब्दाची वाट बघत होतो.

एका रात्री जेवताना ती म्हणाली, "मामंजी, यांले थकवून राहिले तुमी. काहून इतकं?"

"आठ वर्षांचा होता, शिकला. आता काहून शिकत नाही?"

"ते आठ वर्षांचे नाहीत आता."

"मले दुसरं येत नाही, बाई," दादा म्हणाले. सुनेपुढे आवाज खाली आलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "मले एवढंच येते."

असे महिने गेले. डॉक्टरांनी दिलेली मुदत सरत आली होती. मी संथा घेत होतो, जेवत होतो, झोपत होतो. माझी आशा सुटली नव्हती, कारण धरलीच नव्हती.

उन्हाळा लागला होता. दुपारची संथा चालू होती. दादांना दोन दिवस ताप होता, तरी ते उठून बसले होते. त्यांनी "तवा" म्हटलं तेव्हा अर्धा आवाज आलाच नाही. खाकरून पुन्हा म्हणाले. मी दोनदा म्हणालो. "पोळपाट" म्हणताना मानेच्या शिरा ताठ झाल्या. "लाटणं"ला नुसती हवा निघाली. हात मात्र स्वराप्रमाणे बरोबर वर-खाली होत होता. मी त्या हाताकडे पाहिलं. मग तोंडाकडे पाहिलं. ओठ सुकून फुटले होते. छातीत काहीतरी कळवळलं. ते काय, हे ओळखायलाही मला क्षणभर लागलं, इतक्या दिवसांत तसं काही झालंच नव्हतं.

"बस करा न दादा," मी म्हणालो. "घसा बसला तुमचा."

दादांनी सवयीने तो तुकडा दुसऱ्यांदा ऐकायला मान हलवली. पुढच्या शब्दासाठी हात उचलला आणि तो तसाच राहिला. आत इंदूच्या हातातलं भांडं वाजलं. दादा माझ्याकडे बघत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांना बोलायचं होतं, आवाज फुटत नव्हता. ओठांवरून मला कळलं ते काय म्हणत होते.

"हे मी शिकवलं नव्हतं रे तुले."